अनुभव धागा: शोधत होतो तो छोटा माहितीपट शेवटी कुठे पाहायला मिळाला?

जाईजुई

गेल्या महिन्यात मुलाला घेऊन मुंबईत पेडर रोडवरच्या गुलशन महालात गेले होते. सरकारी माहितीपट काढणाऱ्या फिल्म्स डिव्हिजनच्या आवारातल्या या जुन्या वास्तूत 2019 पासून भारतीय सिनेमाचे राष्ट्रीय संग्रहालय आहे. तिथली जुनी यंत्रे पाहताना मला एकदम वडिलांच्या केबिनमधला कार्बन जळाल्याचा वास आठवला. माझे वडील कराडकडच्या एका टॉकीजमध्ये आयुष्यभर ऑपरेटर होते. तिथूनच त्यांना फोन लावला, तर त्यांनी कुठल्या गाजलेल्या पिक्चरची नव्हे, पिक्चरच्या आधी लागणाऱ्या डॉक्युमेंटरीची आठवण काढली.

त्या काळी प्रत्येक खेळाआधी फिल्म्स डिव्हिजनचा वृत्तपट किंवा अनुबोधपट दाखवणे टॉकीजवर बंधनकारक असे. पत्र्याचा डबा एसटीने यायचा आणि खेळ झाले की पुढच्या गावाला जायचा. लोक तेवढ्यात बाहेर चहा पिऊन घेत. केबिनच्या चौकोनी झरोक्यातून ते रीळ शेवटपर्यंत पाहणारे बहुधा एकटे माझे वडीलच असत. ते म्हणाले, "एक पोरांची होती. माझ्याच वयाची पोरं बोलत होती, देशाबद्दल, नोकरीबद्दल. ती परत बघायला मिळेल का गं कुठं?"

नाव माहीत नाही, कोणी काढली तेही माहीत नाही. आधी मी मराठीत शोधले, मग हिंदीत, मग इंग्रजीत, आणि प्रत्येक वेळी स्वातंत्र्यदिनाची भाषणेच समोर आली. तीन रात्री अशा गेल्यावर लक्षात आले की खरा धागा त्यांच्या बोलण्यातच होता. "माझ्याच वयाची" असे ते म्हणाले होते. वडिलांचा जन्म 1947 चा. टॉकीजमध्ये ते ऑपरेटरच्या हाताखाली लागले तेव्हा विशीचे होते, म्हणजे चित्रपट 1967 च्या आसपासचा असणार. मग फिल्म्स डिव्हिजन, 1967 आणि तरुणांच्या मुलाखती असे एकत्र घालून शोधले आणि दिग्दर्शक एस. एन. एस. शास्त्री यांचे नाव मिळाले. चित्रपट होता 'आय ॲम 20'. देश स्वतंत्र झाला त्या वर्षी जन्मलेल्या मुलामुलींना विसाव्या वर्षी गाठून बोलते केले आहे. त्यातही एक अडचण आली. 'ट्वेंटी' हा शब्द अक्षरांत लिहिला तोवर गाणीच येत होती. 20 असा आकडा टाकल्यावर फिल्म्स डिव्हिजनच्या यूट्यूब वाहिनीवर चित्रपट समोर आला. लांबी वीस मिनिटांच्या आत, पैसे नाहीत, खाते उघडायला नको.

वडील भावाकडे कराडला असतात. रविवारी जाऊन त्यांना दाखवणार आहे. तुम्हीही असा एखादा छोटा माहितीपट शोधला असेल, सापडला असेल किंवा अजून सापडला नसेल, तर कसा शोधला ते सविस्तर लिहा. ज्यांना हवा आहे त्यांच्यापर्यंत तो वेळेत पोहोचावा, एवढीच माझी तळमळ आहे.

पूर्वरंग

जाईजुईताई, तुमचा आकड्याचा अनुभव वाचून माझा स्पेलिंगचा अनुभव लिहायलाच हवा.

आमचे घर लालबागचे, वडील गिरणीत साचेवाले, म्हणजे मागावर काम करणारे. 18 जानेवारी 1982 ला संप सुरू झाला तेव्हा मी चौथीत होतो. कवी नारायण सुर्वे आणि चित्रकार सुधीर पटवर्धन यांना घेऊन गिरणगावावर एक माहितीपट झाला आहे आणि त्याचे नाव 'साचा' आहे, एवढे मला कोणीतरी सांगितले होते. मी मराठी माणूस, 'साचा' इंग्रजीत लिहिताना 'सा'ला एकच 'ए' घालणार. कधी मधे 'एन' घालून पाहिला. भलतेच काही येत राहिले. सुमारे सहा महिन्यांनी एका लेखात मूळ नाव वाचले, तेव्हा कळले की त्यात 'सा'ला 'ए' दोनदा आहे आणि जोडीला 'द लूम' असे इंग्रजी नावही आहे. दिग्दर्शक अंजली मोन्टेरो आणि के. पी. जयशंकर, निर्मिती टाटा समाजविज्ञान संस्थेची, साल 2001, लांबी 49 मिनिटे. दिग्दर्शकांच्या नावाने शोधल्यावर पाच मिनिटांत वाट मिळाली.

तेव्हापासून मी चित्रपटाचे नाव शेवटी टाकतो. आधी दिग्दर्शक, मग निर्मिती करणारी संस्था, मग साल. मराठी नावांची इंग्रजी अक्षरे प्रत्येक जण आपापल्या कानाप्रमाणे लिहितो, पण माणसाचे आडनाव सहसा एकाच पद्धतीने लिहिले जाते.

वडिलांनी पाहिला का, असे कोणी विचारेल. ते त्याआधी दोन वर्षे गेले होते. मी एकट्याने पाहिला आणि दुसऱ्या दिवशी आईबरोबर पुन्हा पाहिला.

सांजवेळ

पूर्वरंगदादा, शेवटची ओळ वाचून फार वाईट वाटले. आईंना माझा नमस्कार सांगा.

वऱ्हाडी_पाऊस

कामावरून घरी जाताना लिहितो आहे, म्हणून थोडक्यात. मार्च 2023 मध्ये 'द एलिफंट व्हिस्परर्स'ला ऑस्कर मिळाले आणि माझ्या बाबांनी तो पाहायचे मनावर घेतले. तमिळनाडूतल्या मुदुमलाईच्या हत्ती छावणीतले बोम्मन आणि बेल्ली हे जोडपे आणि त्यांनी सांभाळलेला रघू नावाचा हत्ती, यांची ती हकिकत आहे. त्या आठवड्यात यूट्यूबवर 'पूर्ण चित्रपट' अशी पाटी लावलेल्या कितीतरी चित्रफिती आल्या होत्या. एक तर सव्वा तासाची होती. मूळ माहितीपट सुमारे 40 मिनिटांचा आहे! बाबांनी ती अर्धी पाहिली, आत केवळ छायाचित्रे आणि वाचून दाखवलेल्या बातम्या होत्या, आणि त्यांना वाटले की ऑस्कर यालाच मिळाले. मला त्याचे फार दुःख झाले, कारण एवढ्या चांगल्या कामाबद्दल त्यांचे मत विनाकारण बिघडले. शेवटी मावशीकडे नेटफ्लिक्स होते, तिच्याकडे बसून त्यांनी खरा चित्रपट पाहिला.

तेव्हा माझी कळकळीची विनंती आहे की शोधाला लागण्याआधी माहितीपटाची लांबी किती मिनिटांची आहे ते कागदावर लिहून ठेवा. समोर आलेली चित्रफीत तीन मिनिटांची असेल तर ती झलक आहे आणि दुप्पट लांब असेल तर ती दुसरेच काही आहे.

करवंद

कोणता चित्रपट कुठल्या ओटीटीवर आहे हे सांगणारे जस्टवॉच वापरले तर हे सगळे टळत नाही का?

पूर्वरंग

करवंद, मोठ्या चित्रपटांसाठी ते चांगलेच आहे आणि देश भारत निवडला की इथे काय उपलब्ध आहे ते नेमके कळते. पण वीस मिनिटांचे माहितीपट बहुधा संस्थांच्या स्वतःच्या वाहिन्यांवर, व्हिमिओ या चित्रफितींच्या संकेतस्थळावर दिग्दर्शकाच्या पानावर किंवा एखाद्या वृत्तपत्राच्या संकेतस्थळावर असतात. तिथले फारसे त्यात दिसत नाही. तिथे काही आले नाही म्हणजे चित्रपट कुठेच नाही, असा अर्थ कृपया काढू नका. मी तोच अर्थ काढून चार महिने शोध सोडून दिला होता.

मीठभाकर

हा धागा दोन दिवस वाचते आहे आणि लिहू की नको असे चालले होते. आज मुले शाळेत गेल्यावर बसले आहे.

तुम्ही सगळे पाहणाऱ्यांच्या बाजूने लिहिता आहात. आम्ही त्या माहितीपटात आहोत, आणि तरीही आम्हाला तो दहा वर्षे पाहायला मिळाला नव्हता.

आमचे गाव अंबाजोगाईच्या बाजूला. मी बारावीत असताना शहरातून तीन माणसे कॅमेरा घेऊन आली आणि चार दिवस राहिली. त्यांना जात्यावरच्या ओव्या हव्या होत्या. आमच्या आजीने पहाटे पाचला उठून, खास त्यांच्यासाठी जाते मांडून, ज्वारी दळत ओव्या म्हटल्या. दोन दिवस आमच्याच घरी सगळ्यांचा स्वयंपाक होता. जाताना ते म्हणाले की झाल्यावर सीडी पाठवू. आजीने वर्षभर पोस्टमनला विचारले. नंतर तिने विचारणे बंद केले, पण सीडी लागेल म्हणून काकांनी आणलेला प्लेअर मात्र ती कोणाला देऊ द्यायची नाही.

पुढे मी पुण्यात नोकरीला लागले तेव्हा शोध सुरू केला. नाव माहीत नव्हते, माणसांची पहिली नावे तेवढी आठवत होती. शेवटी गावाचे नाव इंग्रजीत चार तऱ्हांनी लिहून पाहिले. तिसऱ्या तऱ्हेला परदेशातल्या एका महोत्सवाची जुनी कार्यक्रमपत्रिका सापडली आणि तिच्यात तीन ओळींच्या माहितीत आमच्या गावाचे नाव होते! माहितीपटाच्या इंग्रजी नावाचा ओव्यांशी, जात्याशी, गावाशी काहीएक संबंध नव्हता. त्या नावाने मी जन्मभर शोधले असते तरी सापडला नसता.

पत्रिकेत दिलेले संकेतस्थळ बंद पडलेले होते. तेव्हा ऑफिसमधल्या एका दादांनी मला इंटरनेट आर्काइव्हचे वेबॅक मशीन दाखवले. बंद पडलेल्या पानाचा पत्ता तिथे टाकला की पूर्वी कधीतरी जपून ठेवलेली त्याची प्रत दिसते. त्या प्रतीत दिग्दर्शकांचा ईमेल होता. मी मराठीतच पत्र लिहिले. रागाने नाही लिहिले. आजीचे वय 86 आहे, तिला पाहायचे आहे, एवढेच लिहिले. नवव्या दिवशी उत्तर आले, त्यांनी मनापासून माफी मागितली आणि व्हिमिओचा दुवा पासवर्डसह पाठवला.

गावात रेंज ओट्यावरच येते. दळायचे जाते आता तिथेच पडून असते. त्याच्या खुंट्याला मोबाइल टेकवून मी आजीला समोर बसवले. पडद्यावर आजी आली, ओवी सुरू झाली आणि आमच्या घरातले सगळे "आजी बघ, आजी बघ" म्हणू लागले. आजी स्वतःकडे बघतच नव्हती. मागे उंबऱ्यापाशी तिची धाकटी जाऊ सुपात दाणे पाखडत बसली होती. ती चुलत आजी त्यानंतर दोनच वर्षांनी गेली, आणि तिचा साधा फोटोसुद्धा आमच्या कोणाकडे नव्हता. आजीने पदर तोंडाला लावला आणि म्हणाली, "धाकली हाय बघ. माघारी घे गं." मी मागे घेतले. तेवढा तुकडा आम्ही किती वेळा पाहिला ते मोजले नाही. तो अकरा सेकंदांचा आहे.

माझे एवढेच मागणे आहे की जे कोणी माहितीपट काढतात, त्यांनी तो जगाला दाखवण्याआधी त्या गावाला दाखवावा. अशा गोष्टी नीट करता येतात. हेमा राईरकर आणि गी पॉइटेव्हाँ यांनी महाराष्ट्राच्या गावोगावच्या बायांकडून एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या, आणि पी. साईनाथ यांनी 2014 मध्ये सुरू केलेल्या पारी, म्हणजे पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडियाच्या संकेतस्थळावर 2017 पासून त्या ओव्या गाणाऱ्या बायांच्या नाव-गावासह मांडल्या जात आहेत. चित्रफितीही आहेत, मराठीत वाचता येते आणि काही पैसे पडत नाहीत. गावाच्या आणि गाणारीच्या नावाने नोंद असली की नातीला आजी सापडते.

जाईजुई

मीठभाकर, तुम्ही लिहिलेत म्हणून मी तुमची ऋणी आहे. माझ्या वडिलांना फोनवर वाचून दाखवले. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "त्या पोरीला सांग, दुव्यावर विसंबू नको, मूळ फाइल मागून घे."

मीठभाकर

काकांना नमस्कार. त्यांचे अगदी बरोबर आहे. पहिला दुवा आठवडाभरच चालू होता. दुसऱ्यांदा विनंती केल्यावर त्यांनी पूर्ण फाइल पाठवली आणि ती आता तीन ठिकाणी ठेवली आहे.

दूरदेशी

टोरोंटोहून लिहितो आहे. मुलीला शाळेत ऑस्कर मिळालेल्या जुन्या लघु माहितीपटांपैकी एक निवडून त्यावर लिहायचे होते आणि तिने नॉर्मन मॅक्लारेन यांचा 1952 चा 'नेबर्स' निवडला. एका फुलावरून दोन शेजारी एकमेकांच्या जिवावर उठतात, अशी ती सुमारे आठ मिनिटांची गोष्ट आहे. जिवंत माणसांना बाहुल्यांसारखे एकेका चौकटीत हलवून ती चित्रित केली आहे. हे माहितीपटात कसे मोडते असा प्रश्न मुलीला पडला आणि मलाही पडला, पण बक्षीस त्याच विभागात मिळाले आहे.

एका शब्दाच्या नावाचा त्रास काय असतो ते त्या दिवशी कळले. 'नेबर्स' टाकले की मालिका, विनोदी चित्रपट, गाणी, सगळे जग येते. शिवाय कॅनडात स्पेलिंगमध्ये 'यू' आहे आणि अमेरिकेत नाही. चित्रपट कोणत्या संस्थेने काढला हे पाहिल्यावर प्रश्न सुटला. कॅनडाचे नॅशनल फिल्म बोर्ड हे 1939 पासूनचे सरकारी चित्रपट मंडळ आहे आणि त्याने आपल्या संग्रहातला मोठा भाग स्वतःच्या संकेतस्थळावर मोफत पाहण्यासाठी ठेवला आहे. 'नेबर्स' तिथेच मिळाला. हे भारतातूनही उघडते. मी नाशिकला भावाला फोन करून उघडायला लावले आणि खात्री करून मगच इथे लिहितो आहे.

अमेरिकेत किंवा इकडे राहणाऱ्यांसाठी आणखी एक सांगतो. सार्वजनिक ग्रंथालयाचे कार्ड असेल तर कॅनोपी या चित्रपटांच्या संकेतस्थळावर माहितीपट फुकट पाहता येतात. आपले ग्रंथालय त्यात सामील आहे की नाही आणि महिन्याला किती पाहता येतात, एवढे आधी विचारून घ्यावे. मी सात वर्षे केवळ पुस्तकांसाठी ते कार्ड वापरत होतो.

करवंद

दूरदेशी, नाशिकला कुठे? आम्ही पंचवटीतले.

दूरदेशी

भाऊ इंदिरानगरला आहे. त्याच्याकडे नेट बरे चालते, म्हणून पडताळणीचे काम नेहमी त्याच्याकडे असते.

गुरुजीताई

मी लातूर जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. 2020 च्या टाळेबंदीत सातवी-आठवीच्या मुलींशी पाळीबद्दल बोलायचे होते आणि ते फोनवर बोलणे अवघड होते. उत्तर प्रदेशातल्या हापूडजवळच्या बाया स्वस्त पॅड तयार करण्याचे यंत्र चालवतात, त्यावरचा 'पीरियड. एंड ऑफ सेंटेन्स.' हा 26 मिनिटांचा माहितीपट मला दाखवायचा होता. त्याला 2019 मध्ये ऑस्कर मिळाले होते, पण तो नेटफ्लिक्सवर होता आणि आमच्या पालकांपैकी कोणाकडेच ते नव्हते. एका पालकाने कुठूनतरी उतरवलेली प्रत गटावर पाठवण्याची तयारी दाखवली. ते योग्य वाटले नाही म्हणून मी नको म्हटले, आणि तरीही मुलींचे नुकसान होते आहे ही रुखरुख राहिली.

एप्रिल 2020 मध्ये नेटफ्लिक्सने शिक्षकांच्या मागणीवरून आपले काही माहितीपट यूट्यूबवर सर्वांसाठी खुले केले आणि त्या यादीत हा होता! मी लगेच आयांच्या गटावर दुवा पाठवला. रोजच्या दीड जीबीत बसावा म्हणून चित्राचा दर्जा कमी कसा करायचा हे ध्वनिमुद्रित करून सांगितले. बोलणे बव्हंशी हिंदीत असल्याने बायांना समजले. एका आईने रात्री साडेदहाला फोन केला आणि म्हणाली, "बाई, ते यंत्र आपल्याकडे किती पैशाला मिळंल?" एवढा सरळ प्रश्न मला कोणत्याही प्रशिक्षणात कोणी विचारला नव्हता. पुढे बचत गटातून काय झाले ते वेगळे आणि लांबलचक आहे, म्हणून इथे नको.

शिक्षकांसाठी सांगते की नेटफ्लिक्सच्या काही स्वनिर्मित माहितीपटांना वर्गात एकदा दाखवण्याची परवानगी असते. कोणत्या चित्रपटाला ती आहे हे त्यांच्याच संकेतस्थळावर त्या चित्रपटाच्या पानावर दिलेले असते. तेवढे पाहून मगच दाखवावे.

करवंद

गुरुजीताई, मीही प्रामाणिकपणे विचारतो. जुना, कुठेही न मिळणारा माहितीपट टेलिग्रामवर असेल तर तो पाहण्यात खरोखर काय चूक आहे? कोणाचे नुकसान होते?

निवृत्त_ग्रंथपाल

करवंद, प्रश्न योग्य आहे आणि त्याचे उत्तर नीट द्यायला हवे, कारण माझ्या नोकरीची बरीच वर्षे याच प्रश्नापाशी गेली.

आपल्या 1957 च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे चित्रपटावरचा हक्क तो प्रकाशित झालेल्या वर्षानंतरच्या वर्षारंभापासून 60 वर्षे टिकतो. म्हणजे 1964 मध्ये प्रकाशित झालेला माहितीपट 1 जानेवारी 2025 पासून सर्वांचा झाला. जाईजुई यांच्या 1967 च्या चित्रपटाला 2027 च्या अखेरपर्यंत थांबावे लागेल. अर्थात तो मुळात हक्कदाराच्याच वाहिनीवर असल्यामुळे त्यांना कसलीच अडचण नाही. त्याहून नवे असेल तर ते कोणाचे तरी आहे. छोटा माहितीपट काढणाऱ्याला त्यातून पैसे फार थोडे मिळतात. पुढच्या कामासाठी अनुदान मागताना किती लोकांनी पाहिले हा आकडा त्याला दाखवावा लागतो आणि टेलिग्रामवरचे पाहणे त्या आकड्यात येत नाही. म्हणून मी दर वेळी आधी मालकाला विचारा असे सांगत आलो. विचारल्यावर नकार देणारे मला फार थोडे भेटले.

दुसरे असे की 'कुठेही मिळत नाही' याचा अर्थ पुष्कळदा 'घरबसल्या मिळत नाही' एवढाच असतो. पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय 1964 पासून आहे आणि अभ्यासासाठी तिथे रीतसर अर्ज करून चित्रपट पाहता येतात. मुंबईच्या कॅम्प या गटाचा सहभाग असलेले पॅड.मा हे इंटरनेटवरचे चित्रणांचे संग्रहालय 2008 पासून चालू आहे. तिथे पूर्ण चित्रपटांइतकेच कच्चे चित्रणही आहे आणि त्यातल्या प्रसंगांवर शब्दांत टिपणे आहेत, त्यामुळे 'गिरणी' किंवा 'पाणी' असा विषय टाकूनही शोधता येते. पब्लिक सर्व्हिस ब्रॉडकास्टिंग ट्रस्टने अनेक वर्षे दूरदर्शनसाठी छोटे माहितीपट काढून घेतले आणि त्यांच्या यूट्यूब वाहिनीवर त्यांतले पुष्कळ आहेत.

फिल्म्स डिव्हिजनबद्दल एक लक्षात असू द्या. 1948 साली सुरू झालेली ही संस्था 2022 मध्ये राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात विलीन झाली. त्याआधीच्या लेखांतले दुवे उघडले नाहीत तर निराश होऊ नका, चित्रपटाचे नाव तेवढे टिपून घ्या आणि नव्याने शोधा. आणि आमच्या पिढीच्या लिखाणात 'माहितीपट' नव्हे तर 'अनुबोधपट' हा शब्द असायचा. जुन्या मराठी मासिकांत शोधताना तो शब्द टाकून पाहिलात तर वेगळीच पाने उघडतात.

करवंद

समजले. काढणाऱ्याला पाहणाऱ्यांचा आकडा दाखवावा लागतो, ही गोष्ट मला माहीत नव्हती. माझ्याकडची एक प्रत आज काढून टाकतो आणि दिग्दर्शकांना पत्र लिहितो.

मांडवी

म्हापशाहून लिहिते. आजोबांना 19 डिसेंबर 1961 च्या आसपासचे गोवा पडद्यावर पाहायचे होते. माहितीपट असा नेमका माहीत नव्हता. त्यांना रस्ते पाहायचे होते, गाड्या पाहायच्या होत्या. मी भारतीय वाहिन्याच धुंडाळत बसले होते. मग चुलतभावाने सुचवले की परदेशी वृत्तपटवाल्यांनीही तेव्हाचे चित्रण केले असेल. ब्रिटिश पाथेने 2014 मध्ये आपल्या सुमारे 85,000 चित्रफिती यूट्यूबवर ठेवल्या आहेत, त्यांत गोव्यावरच्या सापडल्या. निवेदन ब्रिटिशांच्या दृष्टीचे आहे आणि आजोबांना ते मुळीच पटले नाही, म्हणून आवाज बंद करून पाहिले. ते एकेका इमारतीवर बोट ठेवून सांगत होते आणि मी वहीत लिहून घेत होते.

नोव्हेंबर 2024 मध्ये आमच्याकडे इफ्फी, म्हणजे आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव, चालू असताना प्रसार भारतीने 'वेव्हज' हा ओटीटी मंच सुरू केला. दूरदर्शनवर पूर्वी पाहिलेले काही शोधत असाल तर तिथेही एकदा पाहावे.

सांजवेळ

कुकर लावून आले आहे, म्हणून पटकन लिहिते. नवे माहितीपट शोधणाऱ्यांसाठी. माझ्या बहिणीच्या मुलीने काढलेला अठरा मिनिटांचा माहितीपट नातेवाईक सतत मागतात आणि ती देत नाही म्हणून रुसतात. तिने मला कारण समजावून सांगितले. काही महोत्सव इंटरनेटवर आधीच खुला झालेला चित्रपट घेत नाहीत. त्यामुळे वर्ष-दीड वर्ष तो पासवर्डमागे ठेवावा लागतो. तोवर पाहायचा असेल तर महोत्सवाला जाणे हाच मार्ग असतो. मुंबईला 1990 पासून माहितीपट, लघुपट आणि ॲनिमेशनपटांचा आंतरराष्ट्रीय महोत्सव दर दोन वर्षांनी होतो, केरळात तिरुवनंतपुरमला असाच एक होतो. तेव्हा एखादा चित्रपट नुकताच गाजला आणि कुठेच दिसत नाही असे असेल, तर दिग्दर्शकाच्या समाजमाध्यमावरच्या खात्यावर लक्ष ठेवा. खुला झाला की ते स्वतःच आनंदाने कळवतात.

शिट्टी झाली, जाते.

वऱ्हाडी_पाऊस

सुमित्रा भावे यांचे सुरुवातीचे लघुपट, 1985 चा 'बाई' आणि 1987 चा 'पाणी', रीतसर पाहायचे असतील तर कुठे पाहता येतील? दोन्हींना राष्ट्रीय पुरस्कार आहेत. माझी आई 'पाणी'बद्दल नेहमी बोलते. तिने तो महिला मंडळात भिंतीवर पांढरे धोतर लावून पाहिला होता. 'पाणी' हे नाव टाकून शोधले की काय काय येते ते पूर्वरंगदादांना सांगायला नको.

पूर्वरंग

दिग्दर्शकाचे नाव आणि साल एकत्र टाका, आणि त्याबरोबर 'स्त्रीवाणी' हा शब्द टाकून पाहा. सुमित्राताई त्या संशोधन प्रकल्पात होत्या आणि 'बाई'ची मुळे तिथेच आहेत. उद्या सुटी आहे, मीही बसतो. मिळाले की इथेच लिहीन.

निवृत्त_ग्रंथपाल

मी मंगळवारी पुण्यात संग्रहालयाच्या बाजूला जाणार आहे. तिथे प्रत आहे का आणि पाहता येईल का, हे विचारून येतो. तुमच्या आई प्रवास करू शकतात ना?

वऱ्हाडी_पाऊस

करू शकतात, काका. अमरावतीहून रात्रीच्या गाडीने येतो आम्ही. तुम्ही विचारून कळवा.

जाईजुई

काल कराडला जाऊन आले. सांगितल्याप्रमाणे लिहिते.

भावाच्या टीव्हीवर लावला. वडिलांनी पडदे ओढायला लावले आणि दिवा घालवला. बोलणे इंग्रजी असल्यामुळे माझा मुलगा मधे मधे थांबवून मराठीत सांगत होता. दोन वेळा झाल्यावर वडील म्हणाले, "थांबवू नको, चालू दे. चेहरे बघायचेत मला."

मध्यावर एका तरुणाचा चेहरा जवळून दिसतो. तिथे वडिलांचा उजवा हात मांडीवरून उचलला गेला आणि तसाच राहिला. चित्र पुढे गेले, दुसरा माणूस बोलू लागला, तरी हात खाली येईना. मी विचारले, काय झाले. ते म्हणाले की त्यांच्याकडे आलेल्या प्रतीत बरोबर त्या जागी रीळ तुटले होते. त्यांनीच पट्टी खरवडून, सिमेंट लावून, दोन्ही टोके दाबून जोडले होते. त्यात थोडी फिल्म कापावी लागली, आणि त्यानंतरच्या प्रत्येक खेळात तो मुलगा तिथे मान वळवता वळवता उडी मारल्यासारखा दिसायचा. डबा पुढच्या गावाला गेला तेव्हा ती उडी बरोबरच गेली.

"पूर्ण मान वळवतो की तो," ते म्हणाले. मग मुलाला तेवढे पुन्हा लावायला सांगितले.